देणगीदाराचे मत विचारावे ते कशासाठी?

करिंथ येथील ख्रिस्ती समूहाला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी निधी कसा जमवावा, याविषयी अगदी व्यवहारी सूचना करतात. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही रक्कम बाजूला काढून ठेवावी, ही सूचना आपल्या परिचयाची आहे. उपवासकाळात ती अनेक प्रवचनांतून आपण ऐकतो. तिच्या पुढची सूचना मात्र क्वचितच ऐकू येते. जमलेली रक्कम यरुशलेमला कोणी न्यायची, हे पौल स्वतः ठरवत नाहीत. करिंथकर ज्यांना पसंत करतील त्यांच्याच हाती ती पाठवली जाईल, असे ते कळवतात. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात याचे कारण येते. एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेवरून कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये, आणि आपला व्यवहार प्रभूच्या दृष्टीने जसा चोख तसाच माणसांच्याही दृष्टीने चोख असावा, असा त्यांचा आग्रह आहे. पौलांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे आपल्याला काही कारण नाही. तरीही देणाऱ्यांचे मत घेतल्याविना देणगी हलवायची नाही, हा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला होता.

आज आपल्या धर्मग्रामांत, शाळांत, दवाखान्यांत आणि समाजसेवा केंद्रांत वर्षभर निधी गोळा होतो. सणाची वर्गणी, मिशन रविवारचे दान, शाळेच्या इमारतीसाठीचे आवाहन, पूर किंवा भूकंपानंतरची तातडीची मदत, असे त्याचे अनेक प्रकार आहेत. देणगी मागताना आपण दात्याशी भरपूर बोलतो. देणगी हाती आल्यावर पावती देतो, आभार मानतो आणि पुढच्या आवाहनापर्यंत गप्प राहतो. या मधल्या काळात दात्याला काय वाटते आहे, त्याने कशासाठी दिले होते, दिलेले कुठे गेले हे त्याला कळले का, आणि गेल्या वर्षी देणाऱ्याने या वर्षी हात आखडता का घेतला, हे विचारण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. जगभरातील सेवाभावी संस्थांमध्ये याला देणगीदारांचा अभिप्राय घेणे असे म्हणतात आणि निधीसंकलनाच्या कामाचा तो एक नित्याचा भाग मानला जातो. त्याचे फायदे समजून घेण्यासाठी अलीकडच्या इतिहासातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, असे मला वाटते.

पहिली घटना अमेरिकेतील आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकन रेड क्रॉसने ‘लिबर्टी फंड’ नावाचा स्वतंत्र निधी उभारला. काही आठवड्यांतच त्यात ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे ज्यांची माणसे गेली त्या कुटुंबांना हा पैसा मिळेल, अशी देणाऱ्यांची समजूत होती. संस्थेचा विचार निराळा होता. यातील २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम रक्तसाठा वाढवणे, दळणवळणाची यंत्रणा सुधारणे आणि भविष्यातील हल्ल्यांची तयारी यांसाठी राखून ठेवण्याची तिची योजना होती. ही योजना लबाडीची नव्हती. आपत्ती निवारणाचे काम करणाऱ्या संस्थेला पुढचा विचार करावाच लागतो. परंतु देणाऱ्यांना हे कोणी विचारलेही नव्हते आणि नीट सांगितलेही नव्हते. लोकांमध्ये संतापाची लाट उसळली. ऑक्टोबरअखेरीस संस्थेच्या अध्यक्षा डॉ. बर्नाडीन हीली यांनी राजीनामा जाहीर केला. त्यामागे इतरही कारणे होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे संस्थेला उत्तरे द्यावी लागली आणि १४ नोव्हेंबर रोजी, या निधीतील सारी रक्कम हल्ल्यांच्या झळा बसलेल्या लोकांनाच दिली जाईल, अशी घोषणा करावी लागली. पुढच्या वर्षी संस्थेने आपली पद्धत बदलली. देणगी नेमकी कशासाठी आहे, हे दात्याकडून देतानाच स्पष्ट करून घेण्यास सुरुवात झाली. म्हणजे जो प्रश्न आधी विचारायला काही मिनिटे लागली असती, तो न विचारल्याने एका जुन्या आणि मान्यवर संस्थेची पत काही आठवड्यांत पणाला लागली.

दुसरी घटना त्यानंतर तीनच वर्षांनी घडली. २६ डिसेंबर २००४, रविवार. हिंदी महासागरातील त्सुनामीने इंडोनेशिया, श्रीलंका, थायलंड आणि आपला तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. त्या सकाळी वेळांकणी मातेच्या दर्शनाला गेलेले कितीतरी यात्रेकरू समुद्राने ओढून नेले. मुंबई आणि वसईच्या भाविकांची वेळांकणीला सतत ये-जा असते, त्यामुळे ते दुःख आपल्या घराघरांत शिरले होते. जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. १९७१ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आणि १९९९ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संस्थेकडेही पैशाचा पूर आला. तेव्हा या संस्थेने जे केले, ते निधीसंकलनाच्या जगात कोणी ऐकले नव्हते. जानेवारी २००५ च्या पहिल्याच दिवसांत तिने जाहीर केले, की त्सुनामीग्रस्त भागात आम्ही जे वैद्यकीय काम करू शकतो, त्यासाठी पुरेसा निधी जमला आहे. या कामासाठी आणखी पाठवू नये. इतर काही संस्थांना हे मुळीच रुचले नाही. ऐन भरतीच्या वेळी लोकांचा उत्साह मावळेल, अशी त्यांची तक्रार होती.

तोवर या संस्थेकडे त्सुनामीच्या नावाने सुमारे ११ कोटी युरो जमले होते आणि प्रत्यक्ष गरज त्याच्या जेमतेम पाव हिश्श्याची होती. उरलेल्या रकमेचे काय करायचे? संस्थेने देणगीदारांना पत्रे लिहिली, दूरध्वनी केले आणि सरळ विचारले: आपली देणगी जगात अन्यत्र, तितक्याच निकडीच्या पण बातम्यांत न येणाऱ्या ठिकाणी वापरू का? नको असेल तर परत देऊ. पैसे परत मागणारे वा नकार देणारे शंभरात एकाच्या आसपास निघाले. त्या संमतीमुळे २००५ मध्ये नायजर देशातील कुपोषणाच्या साथीत आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काश्मीर व पाकिस्तानात झालेल्या भूकंपानंतर काम करण्यासाठी पैसा मोकळा झाला. नायजरमध्ये त्या वर्षी या संस्थेने ६० हजारांहून अधिक अतिकुपोषित बालकांवर उपचार केले. त्सुनामीसाठी दिलेला युरो साहेलच्या वाळवंटाकाठी एखाद्या मुलाच्या ओठी पोहोचला, आणि तो देणाऱ्याच्या संमतीने पोहोचला.

या दोन घटनांमधील दाते काही वेगळ्या वृत्तीचे नव्हते. दोन्हीकडे माणसे दुःख पाहून हेलावली होती आणि दोन्हीकडे संस्थेला पैसा मूळ हेतूपलीकडे वापरायचा होता. फरक पडला तो विचारण्यामुळे. दात्याला विचारले तर तो हट्टाने आपल्याच हेतूला चिकटून बसेल, अशी भीती संस्थाचालकांना नेहमी वाटते. अनुभव उलटा आहे. विश्वासात घेतलेला दाता बहुधा संस्थेपेक्षाही उदार असतो.

ख्रिस्तसभेच्या संदर्भात हा केवळ हुशारीचा किंवा व्यवस्थापनाचा प्रश्न राहत नाही. १९८३ च्या कॅनन कायद्यातील १२६७ व्या कलमानुसार भाविकांनी एखाद्या विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरता येते. १२८७ वे कलम सांगते, की भाविकांनी ख्रिस्तसभेला दिलेल्या मालमत्तेचा हिशोब स्थानिक नियमांनुसार भाविकांना दिला पाहिजे. आणि २१२ व्या कलमात, ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळवणे हा भाविकांचा हक्क, काही वेळा तर कर्तव्यही, मानला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हीच भूमिका घेतली होती. सहयात्री ख्रिस्तसभेविषयीच्या सिनॉडच्या ऑक्टोबर २०२४ मधील अंतिम दस्तऐवजात तर पारदर्शकता, उत्तरदायित्व आणि मूल्यमापन यांवर स्वतंत्र विवेचन आहे. देणगीदाराचा अभिप्राय घेणे ही परदेशी संस्थांची फॅशन आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ही कलमे एकदा शांतपणे वाचावीत.

आता फायद्यांकडे अधिक जवळून पाहू. निधीसंकलनाच्या अभ्यासकांनी गेल्या तीन दशकांत एक गोष्ट पुनःपुन्हा मांडली आहे: नवा दाता मिळवणे महाग असते आणि मिळालेला दाता टिकवणे स्वस्त. तरीही बहुतेक संस्था नव्याच्या मागे धावतात. अमेरिकेत २००६ पासून संस्थांकडील देणग्यांच्या नोंदी एकत्र करून अभ्यासल्या जातात. त्यांतून साधारणपणे असे दिसते, की एका वर्षी देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पुढच्या वर्षी त्याच संस्थेला देत नाहीत, आणि पहिल्यांदाच देणाऱ्यांमध्ये गळतीचे प्रमाण याहून बरेच मोठे असते. फुटक्या घागरीत पाणी ओतत राहण्यासारखेच हे आहे.

ही गळती का होते? संस्थांची ठरलेली समजूत असते, की लोकांकडे पैसा उरला नाही किंवा श्रद्धा ओसरली. ब्रिटिश अभ्यासक एड्रियन सार्जंट यांनी देणे थांबवलेल्या लोकांनाच कारणे विचारली. आर्थिक अडचण हे कारण मोठे होतेच. पण त्याबरोबर इतरही कारणे पुढे आली: दुसरे एखादे काम अधिक गरजेचे वाटले, देणगीचे काय झाले ते कधी कळवले नाही, आभार मानले नाहीत, काहींना तर आपण या संस्थेला कधी काही दिले होते हेच आठवत नव्हते. यांतील आर्थिक अडचणीवर संस्थेचा इलाज नाही. बाकीच्या बहुतेक कारणांवर आहे. कोणते कारण आपल्या बाबतीत खरे, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. कॅनडातील लेखिका पेनेलोप बर्क यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दात्यांच्या अपेक्षा मांडल्या आहेत. देणगीची पोच लवकर मिळावी, ती ठरलेल्या कामालाच लागावी, आणि पुन्हा मागण्यापूर्वी आधीच्या देणगीने काय साधले ते कळावे, एवढ्याच त्या आहेत. भिंतीवरचा संगमरवरी फलक या यादीत नाही. आपल्याकडे फलकांवर होणारा खर्च आणि त्यांवरून होणारी भांडणे पाहता हा भाग विश्वस्तांनी दोनदा वाचण्यासारखा आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. आभाराचा एक फोन केला की दाता टिकला, अशी सोपी कल्पना काही काळ रूढ होती. अमेरिकेत पाच लाखांहून अधिक देणगीदारांवर सहा वर्षे केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. आभाराचा फोन आलेल्यांनी आणि न आलेल्यांनी पुढे जवळजवळ सारखेच दिले होते. याचा अर्थ आभार मानू नयेत असा नाही; आभार मानणे हे सौजन्य आहे आणि ते फळाच्या आशेने करायचे नसते. एकतर्फी, ठरीव शब्दांतले आभार आणि दात्याचे म्हणणे ऐकून घेणे या भिन्न गोष्टी आहेत, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

न ऐकता मागत राहण्याचा शेवट कुठे होतो, हे ब्रिटनने २०१५ मध्ये पाहिले. ब्रिस्टलमधील एका ब्याण्णव वर्षांच्या, आयुष्यभर सैनिकांसाठी निधी गोळा करणाऱ्या वृद्धेच्या मृत्यूनंतर, तिच्याकडे मदत मागणाऱ्या पत्रांचा किती मारा होत होता हे उघडकीस आले. कुटुंबीयांनी तिच्या मृत्यूचा दोष संस्थांना दिला नाही. चौकशीत मात्र तिचा पत्ता जवळजवळ शंभर संस्थांकडे असल्याचे आढळले आणि अनेकांनी तो परस्पर एकमेकांकडून मिळवला होता. यानंतर तेथे निधीसंकलनासाठी नवे नियामक मंडळ आले आणि २०१७ पासून, अमुक संस्थेने आपल्याशी संपर्क करू नये, असे नागरिकाला कळवता येईल अशी सोय झाली. ‘आता पुरे’ हाही एक अभिप्रायच आहे, आणि तो ऐकण्याची जागा प्रत्येक संस्थेने ठेवली पाहिजे.

आपल्या देशात या विषयाला आणखी एक निकड आहे. परदेशी अंशदान नियमन कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने परदेशी मदतीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने ती मदत दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या वाट्यावर गावपातळीवर काम करणाऱ्या अनेक छोट्या संस्थांना त्यामुळे नवी वाट शोधावी लागली. आदिवासी पाड्यावरचे वसतिगृह असो वा बचत गटांचे काम, ते टिकायचे असेल तर स्थानिक दाता हाच आधार आहे. तो शंभर-दोनशे रुपये देणारा असेल, पण तो आपल्याच वाडीत राहतो, आपल्याच मिस्साबलिदानाला येतो आणि पैसा कुठे जातो हे डोळ्यांनी पाहतो. परदेशातील संस्थेला वर्षातून एकदा अहवाल पाठवला की भागते. वाडीतला दाता रोज अहवाल वाचत असतो.

म्हणून प्रश्न उरतो तो कसे विचारावे याचा. लांबलचक छापील प्रश्नावली आपल्या लोकांना परीक्षेच्या पेपरसारखी वाटते; ती कोरी परत येते किंवा येतच नाही. तीन प्रश्न पुरेसे आहेत: आपण ही देणगी कोणत्या कामासाठी दिली असे आपण समजता? तिचे काय झाले ते आपल्याला कळले का? आम्ही काय वेगळे करावे असे आपल्याला वाटते? विचारणारा मात्र विचारपूर्वक निवडावा. धर्मगुरूंनी स्वतः विचारले तर समोरचा म्हणणार, “फादर, सगळं छान आहे.” हे उत्तर आदरापोटी आलेले असते आणि त्याचा उपयोग शून्य. लहान ख्रिस्ती समूहांतील प्रौढ, समजूतदार प्रापंचिकांनी दोघादोघांनी घरी जाऊन, माणसाच्या घरच्या बोलीत विचारले तर मोकळी उत्तरे मिळतात. ज्यांना नाव द्यायचे नाही त्यांच्यासाठी मंदिराच्या दाराशी कुलूपबंद पेटी ठेवावी, आणि ती आर्थिक समितीच्या दोन सभासदांसमक्ष उघडावी. कॅनन कायद्याच्या ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात अशी समिती असणे आवश्यकच केले आहे.

विचारताना ज्यांनी देणे थांबवले आहे त्यांच्याकडे आधी जावे. जे अजून देत आहेत ते बहुधा समाधानीच असतात. त्यांनाच विचारत राहिलो तर आपल्याला आपलीच स्तुती ऐकू येईल. तक्रार करणारा दाताही जपण्यासारखा असतो, कारण जो बोलतो आहे तो अजून गेलेला नाही. आणि मोठ्या देणगीदाराला खुर्ची नि छोट्याला उंबरठा, असे होऊ नये. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय या बाबतीत पुरेसा कठोर आहे. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला मंदिराच्या कोशाविषयी काय वाटत होते, हे तिला तेव्हा कोणी विचारल्याची नोंद नाही.

अभिप्रायाच्या मर्यादाही ओळखाव्यात. दात्याचे ऐकणे म्हणजे दात्याच्या हाती सूत्रे देणे नव्हे. एखाद्याला आपल्या देणगीतून ठराविक गावाच्या किंवा समाजाच्याच मुलांना शिष्यवृत्ती मिळावी असे वाटेल, किंवा वसतिगृहात मुलींपेक्षा मुलांना आधी जागा द्यावी असे वाटेल. असे मत नम्रपणे ऐकावे आणि तितक्याच नम्रपणे नाकारावे. प्रसंगी देणगीही नाकारावी. ज्यांच्यासाठी हा पैसा आहे त्या गरिबांचा अभिप्राय दात्याच्या अभिप्रायापेक्षा वरचा आहे, आणि तो घेण्याची पद्धत आपल्याकडे याहूनही कमी आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल. काही दात्यांना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये असे मनापासून वाटते. त्यांच्या मागे प्रश्न घेऊन लागू नये. गोळा केलेली नावे, दूरध्वनी क्रमांक आणि मते यांची गुप्तता राखणे ही तर नैतिक जबाबदारी आहेच. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केल्यापासून तिला कायद्याचेही अधिष्ठान आले आहे. धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप गटावर देणगीदारांची यादी आकड्यांसह टाकणाऱ्या उत्साही मंडळींनी याची नोंद घ्यावी.

आणि विचारले की उत्तर द्यावे लागते. मत घेऊन ते कपाटात ठेवणे हे मुळीच न विचारण्यापेक्षा वाईट, कारण त्याने माणूस दुसऱ्यांदा दुखावतो. विचारपूस झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात एका कागदावर तीन गोष्टी लिहून सूचनाफलकावर लावाव्यात आणि रविवारी मिस्सानंतर वाचून दाखवाव्यात: लोकांनी काय सांगितले, त्यातले आपण काय केले, आणि जे केले नाही ते का केले नाही. शेवटचा भाग लिहायला सर्वांत जड जातो. तो वाचून दाखवताना मंदिरात शांतता पसरते आणि लोक कान देऊन ऐकतात.